वरचा मजला दहा वर्षांनी चढवायचाय? मग आज काय करून ठेवायचं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी गच्चीवर उभं राहून आजूबाजूला पाहिलं, तर घरोघरच्या कठड्यांवरून गंजक्या सळ्या डोकावताना दिसतात. थोरला नोकरीला लागला की वर दोन खोल्या काढू, या बेताने त्या सोडलेल्या असतात. बेतात काही चूक नाही. पण मजला चढवायची वेळ येते तेव्हा कुठे पाया तेवढं वजन घ्यायला पुरत नाही, कुठे जिना भलत्याच ठिकाणी निघतो, तर कुठे सळई बुडातून इतकी खाल्लेली असते की इंजिनियर ती कापून टाकायला सांगतो. मग ‘त्यापेक्षा पाडून नवंच बांधू’ असं ठरतं आणि पंचवीस वर्षांचं धडधाकट घर राडारोडा होऊन ट्रॉलीतून जातं.

पर्यावरणपूरक घर म्हटलं की सौर पॅनेल, मातीच्या भिंती, गच्चीवरची बाग असं काहीबाही डोळ्यांसमोर येतं. ते सगळं चांगलंच आहे. पण घराचा खरा एकरकमी भार काँक्रीट, सळई आणि भाजलेल्या विटा यांत असतो. एक टन साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंट तयार होताना आठशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घर पाडून पुन्हा बांधलं की हा सगळा भार दुसऱ्यांदा. म्हणून साध्या कुटुंबाच्या घरात सर्वांत मोठी बचत एकाच गोष्टीतून होते: घर पाडावं न लागता बदलता येणं, वाढवता येणं.

उदाहरणादाखल ३० फूट बाय ४० फुटांचा प्लॉट धरू. आज साडेसहाशे चौरस फुटांचा तळमजला, आठ-दहा वर्षांनी तेवढाच वरचा मजला, आणि पुढे कधीतरी दोन्ही मजले दोन स्वतंत्र घरं म्हणून वापरता यावेत, एवढीच अपेक्षा.

घरातल्या गोष्टींची वयं वेगळी असतात

पाया, कॉलम, बीम, स्लॅब हे नीट केले तर पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त टिकतात. नळाचे पाइप, वायरिंग वीस-पंचवीस वर्षांत बदलावं लागतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दहा-पंधरा वर्षांत पुन्हा करायला येतं. स्वयंपाकघराचा ओटा, टाइल, कपाटं माणसं त्याहून लवकर बदलतात. मधल्या आडभिंती तर घरात लग्न झालं, बाळ आलं, आजी राहायला आली की हलवाव्याशा वाटतात.

घर बदलायला अवघड होतं ते या वेगवेगळ्या वयांच्या गोष्टी एकमेकांत गाडल्यामुळे. सांडपाण्याचा पाइप स्लॅबच्या पोटात टाकला, की पंचवीस वर्षांच्या पाइपासाठी पन्नास वर्षांचा स्लॅब फोडावा लागतो. डच वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांनी १९६० च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला: कायमचा सांगाडा वेगळा ठेवा आणि आतला भरणा राहणाऱ्याच्या हाती द्या. आपल्याकडचे वाडे बऱ्याच अंशी असेच होते. भार लाकडी खांब-तुळयांवर, आणि घर मोजायचं खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत. दोन खणांमध्ये पडदी घातली की खोली, काढली की सोपा. कोकणातली पडवी बाजूने बंद करून तिची खोली करणं हाही त्यातलाच प्रकार.

पाया: पुढचं वजन आजच मोजायचं

वरचा मजला पुढे बांधायचा असला तरी त्याचा पाया पुढे बांधता येत नाही. निदान स्वस्तात नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनियरला पहिल्याच भेटीत सांगायचं की डिझाइन तळमजला अधिक एक मजल्याचं करा, बांधकाम मात्र आत्ता तळमजल्याचंच.

यात खर्च किती वाढतो, त्याचा अंदाजी हिशेब करून पाहू. मधल्या एका कॉलमवर साधारण १० चौरस मीटर भागाचा भार येतो असं धरा. स्लॅब, बीम, भिंती, फरशी, माणसं आणि सामान असं सगळं मिळून घराचा भार दर चौरस मीटरला ढोबळमानाने १.२ टन. म्हणजे एका मजल्याचे १२ टन, दोन मजल्यांचे २४. कॉलमखालच्या काँक्रीटच्या बैठकीच्या, म्हणजे फूटिंगच्या, स्वतःच्या वजनासाठी दहा टक्के वाढवा. खाली चांगला मुरूम असून तो चौरस मीटरला १५ टन पेलतो असं मानलं, तर एका मजल्यासाठी फूटिंगची बाजू सुमारे ०.९५ मीटर निघते आणि दोन मजल्यांसाठी १.३३ मीटर, तीन फुटांऐवजी सव्वाचार फूट म्हणा. जाडीही एक फुटावरून सव्वा फुटावर जाते. दर फूटिंगला अर्ध्या घनमीटरहून थोडं कमी काँक्रीट वाढलं. कॉलम नऊ असले तर जास्तीत जास्त चार घनमीटर, म्हणजे सिमेंटच्या पंचवीस-तीस गोण्या, त्या बेताने सळई आणि थोडी जास्त खोदाई. पुढे हाच पाया वाढवायचा झाला तर फरशी फोडायची, घराला टेकू लावायचे, फूटिंग उघडी करायची आणि जुन्या-नव्या काँक्रीटचा जोड साधायचा. दोन्ही खर्चांची तुलनाच होत नाही.

हा हिशेब कल्पना यावी म्हणून दिला आहे. त्यावरून पाया खणू नका. माती कशी आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. मराठवाडा, सोलापूर, विदर्भ या भागांतली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेलं घर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा बसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली की बहुतेक वेळा कारण हेच असतं. काळी माती पाच-सहा फुटांत संपून मुरूम लागत असेल तर मुरमापर्यंत जायचं. थर फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाईल घ्यायचे: जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल जाणारे खांब, ज्यांचा तळाजवळचा भाग खांबाच्या अडीच पट रुंद फुगवलेला असतो. जोत्याचा बीम काळ्या मातीवर टेकवायचा नाही; मध्ये तीनेक इंचांची पोकळी सोडायची, म्हणजे फुगलेली माती बीमला धक्का देत नाही. जोत्यातला भराव खोदलेल्या काळ्या मातीचा करायची चूक सर्रास होते, कारण ती फुकट असते. भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून धुम्मस करून.

कॉलमबद्दल एक गोष्ट. भिंतीत लपून जावा म्हणून नऊ इंची कॉलम सगळ्यांना आवडतो. भूकंपप्रवण भागांसाठीचं भारतीय मानक मात्र कॉलमची लहान बाजू निदान ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच, मागतं. खोलीच्या कोपऱ्यात तीन इंचांचा उंचवटा दिसला तर दिसू द्या. तिथे कपाट येतं.

गच्चीवरच्या सळ्या

सळ्या नुसत्या सोडून भागत नाही. नव्या सळईशी जोड देताना दोन्ही सळ्या एकमेकींवर साधारण व्यासाच्या ५० पट लांबीने चढाव्या लागतात. १६ मिलिमीटरच्या सळईला ८०० मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन फुटांच्या आसपास. शिवाय भूकंपाच्या मानकाप्रमाणे हा जोड कॉलमच्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात यावा लागतो, कारण भूकंपात कॉलमला सर्वांत जास्त मार बसतो तो मजल्याच्या आणि बीमच्या लगत. म्हणजे स्लॅबच्या वर निदान पाच फूट सळई हवी, आणि सगळ्या सळ्यांचा जोड एकाच पातळीवर येऊ नये म्हणून निम्म्या त्याहूनही लांब. गच्च्यांवर दिसणारे दीड-दोन फुटांचे तुकडे या हिशेबात बसतच नाहीत.

आता गंज. सळई सगळ्यात आधी खाल्ली जाते ती स्लॅबला लागून, कारण पावसाचं पाणी तिथे साचतं. तेच पाणी सळईच्या कडेने खाली झिरपतं आणि खालच्या खोलीत कॉलमच्या माथ्यावर ओल धरतं. उपाय जुना आणि स्वस्त आहे. सळ्या ब्रशने घासून स्वच्छ करायच्या, सिमेंटच्या घट्ट पाण्याचा हात द्यायचा आणि रिंगा बांधून सगळ्या जुडग्याभोवती १:४:८ प्रमाणाचं (सिमेंट, वाळू, खडी) कमजोर काँक्रीट ओतायचं. माथा उतरता करायचा, बुडाशी वाटा, म्हणजे मालाची गोलाई, काढायचा. मजला चढवताना हे कमजोर काँक्रीट छिन्नीने सहज निघतं. तोवर पाच फुटांचा हा खांब कपडे वाळत घालायची दोरी बांधायला चालतो.

दुसरा मार्ग आटे पाडलेल्या कपलरचा, म्हणजे दोन सळ्या जोडणाऱ्या नळीचा. सळईच्या टोकाला कपलर बसवून त्यात ग्रीस भरायचं आणि झाकण लावायचं. पुढे नवी सळई त्यात फिरवून बसवायची. यात सळईची उघडी लांबी कमी राहते, पण काम नीट प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. करू नये ती गोष्ट एकच: जागा अडते म्हणून सळ्या आडव्या वाकवून ठेवणं. वाकवलेली सळई पुन्हा सरळ करताना वाकाच्या जागी तडकते आणि ती तडक डोळ्यांना दिसत नाही.

आज छत, उद्या जमीन

लोकांना वाटतं स्लॅब म्हणजे स्लॅब. डिझाइनमध्ये मात्र फरक पडतो. वावर असलेल्या गच्चीसाठी मानकात दर चौरस मीटरला १५० किलो भार धरतात, राहत्या खोलीसाठी २०० किलो. त्यावर फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून आणखी शंभरेक किलो, आणि आडभिंती वेगळ्या. नऊ इंची विटेची नऊ फूट उंच भिंत दर मीटर लांबीला सव्वा ते दीड टन भरते. ती बीम नसलेल्या जागी स्लॅबवर चढवली की स्लॅब वाकतो आणि खालच्या छताला भेग पडते. त्याच जागी चार इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटची, भिंत प्लास्टरसकट साडेतीनशे किलोंच्या आसपास राहते. म्हणून वरच्या मजल्याच्या जाड भिंती खालच्या बीमच्या रेषेतच येतील असा नकाशा आजच काढून ठेवायचा आणि बाकीच्या भिंती हलक्या करायच्या.

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करायची आपल्याकडे पद्धत आहे. सरासरी चार इंचांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोंच्या घरात जातो आणि पाण्याच्या उतारामुळे तो एका टोकाला दोन इंच तर दुसऱ्या टोकाला सहा इंच असतो. वर मजला आला की हा कोबा फोडून काढावा लागतो. कित्येक ठिकाणी तो तसाच ठेवून वर सपाटीसाठी आणखी भर घालतात. वजन वाढत जातं आणि कुणी मोजत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जी दगडी घरं कोसळली, त्यांच्या माळवदांचं, म्हणजे मातीच्या सपाट छतांचं, असंच झालं होतं: गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेले, आणि खाली दोन पदरी दगडी भिंतींना आरपार जाणारे बांधदगड नव्हते. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

ज्या गच्चीवर मजला येणार आहे, तिथे सुटा थर बरा. स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा पापुद्रा, त्यावर ५० मिलिमीटरचे एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे) तक्ते आणि वर सिमेंटशिवाय नुसत्या मांडलेल्या पांढऱ्या फरश्या. वजन कोब्याच्या निम्म्यावर येतं, उन्हाळ्यात खालची खोली तापत नाही, आणि पुढे सगळं उचलून वरच्या नव्या गच्चीवर तसंच मांडता येतं. घरांसाठीची राष्ट्रीय ऊर्जा संहिता, म्हणजे इको निवास संहिता २०१८, छतातून आत येणाऱ्या उष्णतेची जी मर्यादा घालते, तिच्या तिपटीच्या आसपास उष्णता उघड्या स्लॅबमधून आत येते. ५० मिलिमीटर एक्सपीएस घातला की आकडा मर्यादेच्या निम्म्यावर उतरतो. ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी आहे. आपल्या उदाहरणातल्या प्लॉटवर तिची सक्ती नाही, पण उन्हाला प्लॉटचा आकार कळत नाही.

पत्र्याच्या शेडबद्दल वास्तुविशारद नाक मुरडतात. दिसायला ती वाईटच, पण स्लॅबवर सावली पडते, गळती थांबते, लग्नकार्याला जागा मिळते. फक्त वाऱ्याने ती वर खेचली जाते हे ध्यानात धरून तिचे खांब कठड्याला न अडकवता खालच्या कॉलमच्या माथ्यावर बोल्टने बसवावेत आणि परवानगी घ्यावी.

जिना, मोरी आणि वायरी

दोन मजल्यांची पुढे दोन घरं व्हायची असतील तर जिना खालच्या दिवाणखान्यातून जाऊन चालत नाही. तो बाहेरून किंवा प्रवेशाच्या लगत हवा, म्हणजे वरच्या बिऱ्हाडाला खालच्या घरात पाऊल न टाकता जाता येतं. निदान तीन फूट रुंद, पायरीची उंची सात इंचांच्या आत, पाऊल दहा इंचांहून जास्त. नेहमीची चूक अशी की आज जिन्याला फक्त गच्चीपर्यंत नेतात आणि त्यावरची टोपी चार इंची भिंतींवर उभी करतात. पुढे तोच जिना आणखी एक मजला वर न्यायचा तर त्याला कॉलमच नसतात.

संडास-बाथरूम वर-खाली एकाच ओळीत ठेवा, स्वयंपाकघराची मोरीही. बाहेरच्या भिंतीला निदान दोन फूट बाय तीन फुटांची उघडी डक्ट, म्हणजे पाइपांसाठी उभी मोकळी जागा, सोडा, प्लंबरला आत उभं राहता आलं पाहिजे. खालच्या संडासाचा चार इंची पाइप वर गच्चीपर्यंत हवा जाण्यासाठी न्यायचाच असतो. वरच्या मजल्याच्या पातळीवर त्याला एक वाय (Y) आकाराचा जोड बसवून झाकण लावून ठेवलं की पुढचं काम एका दिवसाचं. बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात पाइप पुरण्याची पद्धत टाळलेली बरी. एकदा सांधा सुटला की पाणी भरावात साचत राहतं, आणि ते कुठून येतंय हे शोधायला अख्खी मोरी खणावी लागते. पाइप स्लॅबच्या खालून नेऊन खालच्या बाथरूममध्ये छताखाली झाकले, तर गळती लगेच दिसते आणि हाताशी असते.

विजेसाठी मीटरपासून गच्चीपर्यंत दोन रिकाम्या नळ्या टाका, एक वरच्या मजल्याच्या मीटरसाठी आणि एक सौर पॅनेलसाठी. आत नायलॉनची दोरी ओवून ठेवायला विसरू नका. एक किलोवॉट पॅनेलला गच्चीची साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं आहे. मजला चढणार असेल तर पॅनेलचा सांगाडा स्लॅबला भोक पाडून न बसवता काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभा करा, आणि केबल बारा-पंधरा फूट जास्त ठेवून गुंडाळून ठेवा.

भिंतीतलं झाकलेलं दार

सांगाड्याऐवजी भारवाही भिंतींचं घर बांधलं तर सिमेंट-सळई कमी लागते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली रॅट-ट्रॅप पद्धतीची भिंत घेतली, म्हणजे विटा काठावर उभ्या लावून आत पोकळी सोडली, तर विटा पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीमुळे खोली थंड राहते. मात्र कोपरे, दार-खिडक्यांच्या कडा, उंबऱ्याची आणि लिंटेलची (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीची) पातळी इथे भरीव थर लागतात, आणि वायरिंगच्या जागा आधी ठरवाव्या लागतात. नंतर खाचा पाडल्या की पोकळी फुटते.

भारवाही भिंत नंतर फोडता येत नाही, ही खरी अडचण. त्यावर उपाय म्हणजे पुढे जिथे दार लागू शकेल तिथे आजच लिंटेल टाकून ठेवणं. समजा, आज मागची खोली आणि बाजूचं अंगण यांच्यामध्ये सलग भिंत हवी आहे, पण पुढे ती खोली भाड्याने द्यायची वेळ येईल. गवंड्याला सांगायचं: सात फुटांवर लिंटेल टाक, दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच टेकू दे. लिंटेलखालचा तीन फुटांचा भाग आजूबाजूच्या विटांत न गुंतवता दोन्ही कडांना सरळ उभा सांधा ठेवून भर, तोही १:८ च्या हलक्या मालात. उभ्या सांध्यावर प्लास्टरआधी सहा इंची कोंबडी-जाळी मार, नाहीतर भेग दिसेल. आत बाजूला एक रिकामा स्विच-बॉक्सही बसव. पुढे दार काढायचं म्हणजे दोन मजुरांचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि विटा अखंड निघतात. हाच नियम एरवीही लागू आहे: १:४ च्या कडक मालात लावलेली वीट काढताना फुटते, १:६ मधली किंवा चुन्यातली पुन्हा वापरता येते.

खोल्यांचे आकारही सारखेच ठेवा, दहा बाय बारा किंवा अकरा बाय बारा, आणि प्रत्येक खोलीत बोळातून जाता येईल असं करा. पंधरा बाय अठराचा दिवाणखाना आणि आठ बाय नऊची ‘मुलांची खोली’ अशी वाटणी केली की मुलांची खोली आयुष्यभर अडगळीचीच राहते.

ऊन

पुण्याच्या अक्षांशावर दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. २१ मार्चच्या सुमारास भर दुपारी त्याची सावली खाली जवळपास सहा फूट पडते, म्हणजे चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात ती सावली दोन फुटांवर येते आणि खालच्या अर्ध्या खिडकीतून ऊब आत येते. पश्चिमेला हाच छज्जा निरुपयोगी. मेच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास तो खिडकीचा फक्त वरचा सव्वा फूट झाकतो. तिथे उभी जाळी, बाहेरून लावलेली चटई, झाड, किंवा जिना आणि बाथरूमच त्या बाजूला घेणं कामाला येतं. उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र सोलापूरसारख्या कोरड्या भागात खोलीच्या क्षेत्राच्या दहा टक्के पुरतं, कोकणात मात्र सहावा हिस्सा हवा. सरकत्या खिडकीची निम्मीच जागा उघडते, हे या हिशेबात लोक विसरतात.

मोठ्या प्रमाणावर केलेले प्रयोग

नवी मुंबईत बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आर्टिस्ट्स व्हिलेज वसवलं. सात-सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या चौकाभोवती, अशा तीन गटांमध्ये मिळून मोठा चौक. कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं अशी योजना. आज तिथली बरीच मूळ कौलारू घरं जाऊन त्यांच्या जागी आरसीसीची उंच घरं उभी आहेत. चौक टिकले, घरं टिकली नाहीत. लोक बाजूने वाढतील असं गृहीत होतं; लोकांना वर जायचं होतं आणि उतरत्या छपराच्या बांधकामावर वर जाता येत नव्हतं.

इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या संस्थेने वेगळी वाट धरली: गरिबांत गरीब कुटुंबाला ३५ चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं, संडास-मोरीचा गाभा आणि नळ, बाकीचं ज्याने त्याने. चिलीत इकिके शहरात वास्तुविशारद आलेहान्द्रो आरावेना यांच्या एलेमेंताल संस्थेने २००४ च्या सुमारास शंभरेक कुटुंबांसाठी अर्धीच घरं बांधली, पण अर्धं निवडताना अवघड अर्धं निवडलं: सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शेजारच्या भिंती, सगळं पूर्ण वाढलेल्या घराच्या मापाने. मधल्या रिकाम्या जागा लोकांनी भरल्या. आपल्या उदाहरणातल्या घरालाही हीच विभागणी लागू पडते.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर

बदल फक्त वरच्या दिशेने होत नाहीत. तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून बाथरूम असलंच पाहिजे. त्या दाराची चौकट तीन फुटांहून कमी नको. व्हीलचेअर वळायला आत पाच फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं. आधाराचे दांडे आज लावू नका, पण ते जिथे येतील ती भिंत भरीव विटेची ठेवा, कारण एएसी ब्लॉकमध्ये साधा फिशर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची प्लास्टिकची खुंटी) माणसाचं वजन धरत नाही. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे दोन फूट उंच जोत्याला २४ फुटांचा रॅम्प. ३० बाय ४० च्या प्लॉटवर तो पुढून बसत नाही, बाजूच्या सामासिक अंतरातूनच, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यातूनच, न्यावा लागतो. तेव्हा त्या बाजूला बोअर, चेंबर आणि टाकीची गर्दी करू नका. पुराचं पाणी येत नसेल तिथे जोतं दीड फुटावर ठेवलं तर रॅम्प १८ फुटांत आटोपतो.

कागद

वरच्या मजल्याला त्या वेळच्या नियमांप्रमाणे नव्याने परवानगी लागेल. त्यामुळे चटईक्षेत्र उरतंय का आणि सामासिक अंतरं एक मजला वाढला तरी पुरतात का, हे आज नकाशा मंजूर करतानाच पाहून घ्या.

स्ट्रक्चरल नकाशांवर ‘तळमजला अधिक एक’ असं लिहून इंजिनियरची सही घ्या. फूटिंग भरायच्या आधी प्रत्येकाचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, नळ्या आणि पाइप दिसतील असा. झाकलेल्या दाराचं अंतर कोपऱ्यापासून मोजून लिहून ठेवा. घर विकलं तर ही फाइल घेणाऱ्याला द्या.

ज्यांचं घर आधीच उभं आहे आणि फाइल नाही, त्यांनी मजल्याचा विचार करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. एका कॉलमशेजारी काळजीपूर्वक खड्डा घेऊन फूटिंगचं माप आणि खालची माती पाहायची. सळ्या शोधायच्या यंत्राने कॉलममध्ये किती आणि कुठल्या सळ्या आहेत ते तपासायचं. आणि रिबाउंड हॅमर या ठोका देऊन तपासणाऱ्या हातोडीने किंवा कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून काँक्रीटची ताकद मोजायची. वर सोडलेल्या सळ्या वायर-ब्रशने घासून व्हर्नियरने व्यास मोजा. दहा टक्क्यांहून जास्त झीज असेल तर त्या तशाच वापरायच्या नाहीत. या सगळ्याचा अहवाल इंजिनियरने पाहून सही करेपर्यंत ठेकेदाराला विसार देऊ नका.